पक्क्या रंगाची परीक्षा

नवी इरकल घरात आली की तिची पहिली धुणी वेगळी काढायची, बादलीतलं पाणी बघायचं आणि निकाल द्यायचा: रंग पक्का किंवा कच्चा. कापडाच्या प्रयोगशाळेत एवढ्यावर भागत नाही. तिथे एकाच कापडाला ऊन, धुणं, घाम आणि घासणं यांचे वेगवेगळे गुण मिळतात.

घासण्याची परीक्षा घेणारं यंत्र म्हणजे क्रॉकमीटर. मला हे यंत्र फार आवडतं, कारण बोटाने कापड चोळून पाहण्याचंच काम ते करतं, फक्त दर वेळी अगदी सारखं. १६ मिलिमीटर व्यासाची खुंटी, तिच्यावर ताणून बसवलेलं पांढरं सुती कापड आणि ९ न्यूटनचा, म्हणजे जेमतेम किलोभर वजनाचा दाब. दांडा फिरवला की खुंटी नमुन्यावरून १०४ मिलिमीटर पुढे जाते आणि मागे येते. दहा सेकंदांत दहा फेऱ्या. एकदा कोरड्या, एकदा ओल्या. मग पांढऱ्या कापडावरचा डाग करड्या पट्टीशी ताडून पाहतात. ५ म्हणजे डागच नाही, १ म्हणजे सर्वांत वाईट. गडद रंगांचं खरं रूप ओल्या फेरीत उघडं पडतं. निळीने रंगवलेली जीन्स इथे हमखास मागे पडते, कारण नीळ धाग्याच्या गाभ्यात न शिरता बाहेरच्या थरावरच बसते.

उन्हासाठी लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट टिकाऊ. झेनॉन दिव्याखाली नमुना त्यांच्या शेजारी ठेवतात आणि तो कितव्या पट्टीबरोबर विटतो ते बघतात. मुंबईत घाटकोपरला १९५४पासून असलेल्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये अशा चाचण्या करून मिळतात.

सुती कापडाचं नशीब पालटलं ते १९५६ साली. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने प्रोसिऑन रंग बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी रंगाचा रेणू सुताच्या सेल्युलोजला रासायनिक बंधाने जोडून दाखवला होता. मात्र रंगाचा काही भाग धाग्याआधी पाण्याशीच जोडला जातो आणि मग कापडावर नुसता चिकटून राहतो. तो साबणाच्या उकळत्या पाण्यात काढावाच लागतो. रंगाऱ्याने तिथे पाणी आणि इंधन वाचवलं, की तोच रंग आपल्या बादलीत उतरतो. अशा वेळी कापड मिठात भिजवून काही साधत नाही. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं खरं, पण सुटा राहिलेला रंग ते बांधून ठेवत नाही.

म्हणून पुढच्या वेळी गडद रंगाचं कापड घेताना दुकानदाराला विचारून पांढरा रुमाल ओला करा आणि पदराच्या आतल्या कोपऱ्यावर दहा वेळा घासून पाहा.