शहाडचे रेयॉन आणि ग्लुकोजची शृंखला

उल्हासनगरालगत शहाड येथे १९५६ साली सुरू झालेल्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याचा धागा पुष्कळांस नायलॉनसारखा संश्लेषित वाटतो. वस्तुतः तो लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजच होय. सेल्युलोजातील ग्लुकोज-घटक बीटा-१,४ बंधांनी जोडलेले असतात. शेजारच्या शृंखला हायड्रोजन-बंधांनी परस्परांस घट्ट धरून ठेवतात. म्हणून ते पाण्यात विरघळत नाही. क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी १८९२ साली यावर तोड काढली. कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या योगाने सेल्युलोजाचे झँथेट करावयाचे आणि विरल सोड्यातील त्याचा द्राव सूक्ष्म छिद्रांतून सल्फ्यूरिक आम्लात सोडावयाचा. तेथे झँथेट-गट गळून सेल्युलोज पुन्हा प्रकट होते. शृंखला आखूड होते. बंध तेच राहतात. मोकळा होणारा कार्बन डायसल्फाइड मात्र कामगारांच्या मज्जासंस्थेस घातक असल्यामुळे, त्याची पुनर्प्राप्ती हा या प्रक्रियेचाच भाग मानला पाहिजे.