विजेच्या गिटारीला तार कोणती लावावी?

वाद्यांच्या दुकानांत जाऊन विजेच्या गिटारीच्या तारा मागितल्या, तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो हा : "नऊच्या देऊं, कीं दहाच्या?" मुलाच्या हट्टाखातर दुकानाची पायरी चढलेल्या वडील माणसाला ह्या प्रश्नाचा अर्थ बहुधा कळत नाहीं. "चांगल्या असतील त्या द्या," असें सांगून तो मोकळा होतो. चांगलें म्हणजे जाड आणि टिकाऊ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तशा तारा घरीं येतात, आणि चार दिवसांत मुलाचीं बोटें हुळहुळीं होतात. दोन आठवडे तो नेट धरतो. मग आपल्या बोटांत तेवढें बळ नाहीं अशी स्वतःची समजूत घालून तें वाद्य कोपऱ्यांत उभें करून ठेवतो. बोटांना प्रारंभीं थोडा त्रास व्हावयाचाच; परंतु पुष्कळदां खरा दोष बोटांचा नसून तारांचा असतो. म्हणून ही निवड कोणत्या नियमानें करावी, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें नऊ-दहाचें गौडबंगाल काय आहे तें पाहूं. गिटारीला सहा तारा असतात. त्यांपैकीं सर्वांत बारीक ती पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी. एका इंचाचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील दहा भागांइतकी जाड, म्हणजे सुमारें पाव मिलिमीटर जाडीची, पहिली तार ज्या संचांत असते तो दहाचा संच. त्यांतील सहावी तार बहुधा ४६ भागांची असते. नऊच्या संचांत पहिली नऊ भागांची आणि सहावी बहुधा ४२ भागांची असते. इंचाच्या हजाराव्या भागाचा हा फरक डोळ्यांना दिसतहि नाहीं. मग बोटांना तो एवढा कां जाणवावा?

ह्याचें उत्तर जुनें आहे. मेर्सेन नांवाच्या फ्रेंच ख्रिस्ती साधूनें इ. स. १६३६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत तारेच्या स्वराचे नियम सांगितले आहेत. तार जितकी लांब तितका स्वर खालचा. तार जितकी ताणलेली तितका स्वर उंच. आणि तार जितकी जड तितका स्वर पुन्हां खालचा. ज्यांच्या घरीं गाणें आहे त्यांना ह्यासाठीं ग्रंथ उघडावयास नको. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठीं केलेला मिरजेचा तंबोरा मोठा असतो व त्याच्या तारा जाड असतात. बायकांच्या वरच्या पट्टीचा तंबोरा लहान असतो व त्याच्या तारा बारीक असतात. बारीक तारा फार खालीं उतरविल्या तर त्या ढिल्या पडतात. जाड तारा फार वर चढविल्या तर तुटावयास येतात.

आतां गिटारीवर दोन गोष्टी आधींच ठरलेल्या असतात : तारेची लांबी आणि तिचा स्वर. तेव्हां जाडी वाढविली कीं तोच स्वर मिळविण्यासाठीं ताणहि वाढवावाच लागतो, आणि तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. नवाचा वर्ग ८१, दहाचा १००. म्हणजे नऊची पहिली तार दहाच्या तारेपेक्षां जवळजवळ एकपंचमांश कमी ताणाची असते. साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारीवर दहाची पहिली तार सुमारें १६ पौंडांच्या ताणांत असते, तर नऊची सुमारें १३ पौंडांच्या. सहाहि तारांची बेरीज केली तर दहाच्या संचाचा भार शंभर पौंडांच्या थोडा वर जातो आणि नऊचा ८५ पौंडांच्या आसपास राहतो. तार पडद्यावर दाबतांना, आणि विशेषतः ती आडवी ओढून मींड काढतांना, बोटांना झुंजावें लागतें तें ह्या ताणाशीं.

येथें कोणी विचारील, कीं मग लोकांनीं जाड तारा लावल्याच कां? साध्या गिटारीचा आवाज तिच्या लाकडी पेटींतून निघतो. ती पेटी हलविण्यास जोर लागतो व तो जोर जाड तारेकडून मिळतो. विजेच्या गिटारीची गोष्ट निराळी आहे. तिच्या तारांखालीं चुंबक असून त्याच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ह्या योजनेला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली म्हणजे वेढ्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक यंत्र त्याला मोठा करून ऐकवितें. अमेरिकेंत जॉर्ज बीचम ह्यांनीं १९३१ च्या सुमारास अशी गिटार सिद्ध केली, व १९३७ मध्यें त्यांना तिचें पेटंट मिळालें. ह्यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तार चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या धातूची हवी; साध्या गिटारीच्या कांशाचें वेष्टण असलेल्या जाड तारा येथें लावल्या तर त्यांचा आवाज दबका येतो, कारण त्यांतील फक्त पोलादी गाभाच चुंबकाला जाणवतो. दुसरी, आवाज मोठा करण्याचें काम आतां यंत्राकडे गेलें. त्यासाठीं तार जाड असण्याची गरज उरली नाहीं.

पण संवय लवकर सुटत नाहीं. वाद्य बदललें तरी बाजारांत बरींच वर्षें जुन्या जाडीच्याच तारा मिळत, आणि तिसरी तारहि वेष्टणाची व ताठ असे. जेम्स बर्टन ह्यांच्यासारखे वादक १९५० नंतरच्या दशकांत बँजो ह्या वाद्याच्या बारीक तारा आणून गिटारीला लावूं लागले. कॅलिफोर्नियांत गिटारीचे शिक्षक व दुकानदार असलेले अर्नी बॉल ह्यांना नवशिक्यांची बोटें त्या ताठ तिसऱ्या तारेशीं झगडतांना दिसत. त्यांनीं बारीक तारांचे संच मुद्दाम करवून घेतले, आणि १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ते सर्वत्र रूढ झाले. आजचा दहाचा संच हा त्याच परंपरेंतला आहे.

तारेच्या निवडीवर एखाद्याचें सगळें वादन कसें अवलंबून असूं शकतें, ह्याचें उदाहरण इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं घडलें. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ मध्यें पत्र्याच्या कारखान्यांत काम करीत असतां यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन मधल्या बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच. वादन संपलें असें त्याला वाटलें. तेव्हां कारखान्यांतील मुकादमानें त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगींत भाजल्यामुळें राइनहार्टचीं दोन बोटें निकामी झालीं होतीं. आयोमीनें प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं. पण त्या टोपणांनीं जाड तार नीट दाबली जाईना, म्हणून त्यानेंहि बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढें त्यानें गिटार तीन अर्धस्वर खालीं उतरविली. १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ह्या ध्वनिमुद्रिकेंत ती पट्टी ऐकूं येते. एवढें उतरविल्यानें ताण शेंकडा एकोणतीस कमी होतो. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' मंडळीचा तो भारदस्त, काळोखी नाद जगभर गाजला, आणि तो बारीक तारांमधून निघालेला आहे. जाड नादाला जाड तारच हवी, ह्या समजुतीला ह्याहून चांगलें उत्तर नाहीं.

तथापि जाड तार सर्वथा त्याज्य आहे, असें मात्र कोणी समजूं नये. टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या जाड तारा वाजवीत. पण ते गिटार अर्धा स्वर खालीं लावीत, आणि त्यामुळें ताण शेंकडा अकरा उतरे. त्यांचा आघात जबर असे. जाड तार असा आघात स्वर न ढळतां सोसते. त्याच टेक्सासचे बिली गिबन्स सातच्या अतिबारीक तारा वापरतात, आणि त्यांचा नादहि भरदार आहे. दोघांनींहि तार आपल्या हाताकडे पाहून निवडली, हेंच ह्यांतलें मर्म.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःला विचारावे. पहिला, आपल्या गिटारीच्या तारेची लांबी किती? साडेपंचवीस इंच आणि पावणेपंचवीस इंच ह्या दोन लांब्या विशेष प्रचारांत आहेत. आंखूड गिटारीवर तोच संच शेंकडा सहा कमी ताणाचा होतो. म्हणून लांब गिटारीवर नऊचा आणि आंखूड गिटारीवर दहाचा संच हाताला जवळपास सारखा वाटूं शकतो. दुसरा, आपण पट्टी उतरवून वाजविणार काय? तसें असेल तर थोडी जाड तार घ्यावी, नाहींतर ती पडद्यांवर खडखडेल. तिसरा, आपण मींड अधिक काढतों, कीं जोरानें झणत्कार करतों? पहिल्याला बारीक तार मानवते, दुसऱ्याला जाड.

धातूचा विचार ह्यानंतर. पोलादावर निकेलचा मुलामा दिलेलें वेष्टण सर्वसाधारण कामाला उत्तम. शुद्ध निकेलचा नाद थोडा मऊ असतो. स्टेनलेस पोलादाचा तेजस्वी असतो, पण तें पडदे लवकर झिजवितें. वेष्टण सपाट पट्टीचें असेल तर बोटें सरकतांना कर्कश आवाज होत नाहीं, म्हणून जॅझ वाजविणारे तें पसंत करतात.

एक सूचना मात्र विसरूं नये. जाडी बदलली कीं गिटारीच्या दांडीवरचा भार बदलतो, तिचा बांक बदलतो, आणि घोडीवरचें माप चुकून वरच्या पडद्यांवर स्वर बेसूर लागतात. तेव्हां नवी जाडी लावल्यावर गिटार जाणत्या कारागिराकडून जुळवून घ्यावी. एरवीं पुष्कळदां तारेला दोष दिला जातो आणि चूक जुळणींत असते. शिवाय मुंबई-कोंकणाच्या दमट हवेंत घाम व खारा वारा तारा लवकर गंजवितात. वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि नाद बद्द होऊं लागला कीं सगळा संच एकदम बदलावा.

सारांश, नवशिक्या मुलासाठीं दुकानदारानें तो प्रश्न विचारला तर साडेपंचवीस इंची गिटारीला "नऊच्या द्या" असें निःशंक सांगावें. हात तयार झाल्यावर त्यालाच वाटलें तर तो दहाकडे जाईल. न वाटलें तरी त्याचें कांहीं बिघडणार नाहीं. रियाजाचे कष्ट स्वरासाठीं असावे. विनाकारण ताठ तारेशीं झुंजण्यांत ते खर्चीं पडूं नयेत.