दाभोळची वीज, डॉलरचे बिल आणि आपले मत

रुपया घसरला की आपल्या मोहम्मद बिन झायद सिटीत मनातल्या मनात पेढे वाटले जातात. १९९७ पासून दिरहमचा दर एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे. डॉलर वधारला की घरी जाणारे रुपयेही वाढतात. पण हाच डॉलर एकदा गावाकडच्या विजेच्या हिशेबात शिरला होता. रत्नागिरीकडच्या मंडळींना एन्रॉनची हकिकत ठाऊक आहे. इथे वाढलेल्या मुलांना मात्र ती सांगायला हवी.

जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी गुहागर तालुक्यातील वीजप्रकल्पाचा प्राथमिक करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने, हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून, कर्ज नाकारले. तरी त्याच डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. वीज घ्या अगर न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि तेही डॉलरच्या हिशेबाने! १९९५ च्या सुमारास डॉलर ३२ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या. दर ठरवणारी ही कलमे लोकांपुढे आलीच नाहीत.

आता जामीनकी पाहा. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकार देणार, राज्याने थकवले तर केंद्र. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहताना आपण चार वेळा विचार करतो. इथे कोट्यवधी लोकांच्या वतीने सही झाली, आणि त्यांना कागद दाखवलाही नाही.

१९९५ च्या निवडणुकीत 'प्रकल्प समुद्रात बुडवू' अशी गर्जना झाली. सत्तापालट झाला आणि ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला. मतदाराला वाटले, आपल्या मताला किंमत आहे. पण कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, नुकसानभरपाईची टांगती तलवार आली, आणि काही महिन्यांतच पुन्हा बोलणी सुरू झाली. दर काहीसा उतरला खरा. पण आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. एकूण २१८४ मेगावॉट! वीज नको पण करार आवर, अशी गत. केंद्रात १३ दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने मे १९९६ मध्ये, लोकसभेत बहुमत सिद्ध होण्याआधीच, प्रतिहमीला मंजुरी दिली.

लाच दिल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही. मात्र भारतीयांना 'शिक्षण' देण्यावर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्चल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले होते. आणि वेलदूरच्या कोळणींनी विरोध केला तेव्हा त्यांच्या वाट्याला कोणते शिक्षण आले? जून १९९७ मध्ये पहाटे पोलीस घरात घुसले, बायकांना मारहाण झाली, अटका झाल्या. प्रकल्पाजवळच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी सरकारला देत होती, असे ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात नोंदवले. पोलीस राज्याचे, खर्च कंपनीचा. मग तक्रार कोणाकडे न्यायची?

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉननेच दिवाळे काढले. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून प्रकल्प नव्या कंपनीकडे सोपवावा लागला. राज्याच्या जबाबदारीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९९७ पासून पडून होता. फार काळ लोटला म्हणून एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण बंद केले.