संध्याकाळच्या आकाशातला जाळ

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात आगीचे पट्टे सरकताना पाहिले. अनेकांना ती उल्का वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला मात्र सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचे ते अवशेष असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

खरा अग्निगोल वेगळा दिसतो. शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्केला हे नाव आहे. ती सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, समोरची हवा दाबली जाऊन कमालीची तापते आणि काही सेकंदांत खेळ आटोपतो. रॉकेटचा तुकडा त्याहून सावकाश, जवळजवळ आडवा येतो. फुटत, विखुरत मिनिटभरही दिसत राहतो. संध्याकाळच्या उल्का पहाटेच्या उल्कांपेक्षा सहसा संथ असतात, कारण त्या पृथ्वीला मागून गाठतात. म्हणूनच गल्लत होते.

बंगळुरूसारख्या झगमगाटी शहरात बारीक उल्का दिसतच नाहीत. अग्निगोल मात्र गच्चीवरूनही दिसतो. दिसलाच तर मोबाइल शोधण्यात वेळ घालवू नका, नुसतं बघा. मग लगेच वेळ, दिशा, रंग आणि तो कोणत्या इमारतीमागे गेला ते टिपून ठेवा. चार-पाच मिनिटं कान देऊन थांबा: आवाज मिनिटाला वीसेक किलोमीटरच कापतो, त्यामुळे गडगडाट आला तर उशिराच येईल. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून अशा नोंदी मिळाल्या, तर उल्केची उंची आणि वाट काढता येते.