शाळेसाठी गाव सोडताना

वार्षिक परीक्षा संपून मे महिना उजाडला, की तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या खोल्यांची चौकशी वाढू लागते. ही चौकशी करणारे सारेच नोकरीच्या निमित्ताने आलेले नसतात. शेती गावात असते, घरही गावातच असते. परंतु मुलाला तालुक्याच्या खासगी शाळेत घालावयाचे, म्हणून आई मुलांसह खोलीत राहणार, वडील शेतीपाशी राहणार आणि आजी-आजोबा दोन्हींकडे वाटले जाणार, ही व्यवस्था महाराष्ट्राच्या अनेक भागांत आता नवलाची राहिलेली नाही. शहरांत याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसते. तेथे घर पाहताना पाण्याच्या चौकशीपाठोपाठ जवळच्या शाळेची चौकशी होते.

निर्णय अर्थातच त्या त्या कुटुंबाचा आहे. तथापि त्यासाठी लागणारी माहिती बहुधा गावचे शिक्षक, पंचायतीचे सदस्य किंवा शिक्षण विभागाचे कर्मचारी यांच्याकडेच मागितली जाते. आणि ती अपुरी मिळाली तर वर्षभराचे भाडे भरून झाल्यावर पालकांना तिची किंमत कळते.

दोन नव्हे, तीन प्रकार

सरकारी शाळा आणि खासगी शाळा अशी सरळ विभागणी बोलण्यात केली जाते. महाराष्ट्रात ती पुरी पडत नाही, आणि याचे कारण येथील शिक्षणाच्या इतिहासात आहे. किमान बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये, तर करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ती आपापल्या राज्यापुरती प्रत्यक्षात आणली. पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्या कारभाराखाली आल्या.

माध्यमिक शिक्षणाची वाट मात्र वेगळी होती. तेथे लोकांनी उभारलेल्या संस्थांनी पुढाकार घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा संस्थांच्या अनुदानित शाळा व्यवस्थापनाच्या दृष्टीने खासगी असल्या, तरी तेथील मान्यताप्राप्त पदांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून होते आणि शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने बांधलेल्या आहेत. याउलट विनाअनुदानित व स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा खर्च प्रामुख्याने पालकांच्या शुल्कावर चालतो. तेव्हा “शाळा खासगी आहे” एवढ्याने काहीच कळत नाही. ती अनुदानित आहे की विनाअनुदानित, हा पहिला प्रश्न. आणि शाळेला मान्यता आहे काय, हा त्याहूनही आधीचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय खासगी शाळा चालविता येत नाही. इमारतीवरील रंगीत फलकावरून मात्र मान्यतेचा उलगडा होत नाही. तिचे प्रमाणपत्रच पाहावे लागते.

शिकविणे कोठे अधिक चांगले?

खासगी शाळेतील मुले परीक्षेत पुढे दिसतात, यात तथ्य आहे. परंतु त्या शाळांत जाणाऱ्या मुलांचे पालक अनेकदा अधिक शिकलेले आणि अधिक सांपत्तिक बळ असलेले असतात. त्यामुळे गुणांतील फरकात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे नुसत्या निकालावरून सांगता येत नाही.

हा गुंता सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न २००८ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांच्या १८० गावांत झाला. सरकारी शाळांतील इच्छुक मुलांमधून सोडत काढून काहींना खासगी शाळेचे शुल्क देण्यात आले. सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुले एकाच प्रकारच्या घरांतील असल्याने तुलना न्याय्य होती. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन वर्षांनंतर आणि चार वर्षांनंतरही तेलुगू व गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळांतील मुले पुढे होती, कारण तेथे हिंदी शिकविली जात होती आणि सरकारी प्राथमिक शाळांत ती नव्हती. याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: खासगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागील खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता आणि तेलुगू-गणिताला वेळ कमी देऊनही त्यांनी तेवढेच फळ मिळविले होते. सरकारी यंत्रणेने या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. पालकांच्या दृष्टीने मात्र पहिली बाजू महत्त्वाची. शाळा बदलली म्हणजे वाचन-गणित आपोआप सुधारते, हा समज तपासून घेतला पाहिजे.

पालक एकाच दिशेने जात आहेत, असेही नाही. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार देशातील ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. महासाथीनंतर, २०२२ मध्ये, ते ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये ६६.८ टक्क्यांवर आले. मिळकत आटली, लहान खासगी शाळा बंद पडल्या, तेव्हा मुले परतली; परिस्थिती सावरली तेव्हा पुन्हा निघाली. ज्या शाळेने संकटकाळी सर्वांना सामावून घेतले, तिला त्यातील बहुतेक मुले टिकवून ठेवता आली नाहीत, ही गोष्ट शिक्षण विभागाने विचारात घ्यावी अशी आहे.

या जाण्यामागचे मोठे आकर्षण इंग्रजी माध्यम हे होय. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासूनच शिकविला जातो, आणि अनेक मराठी शाळांत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सेमी-इंग्रजी पद्धतही आहे. दुसऱ्या बाजूने २०२० च्या अधिनियमाने मराठी हा विषय सर्व माध्यमांच्या शाळांत अनिवार्य झाला आहे. म्हणजे इंग्रजी हवी म्हणून मराठी शाळा सोडलीच पाहिजे, अशी अट आता उरलेली नाही. अर्थात इंग्रजी माध्यमाचा फलक आणि इंग्रजी येणारा शिक्षक या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या घरात इंग्रजीचा वावर नाही, तेथील मुलाला गणिताचे उदाहरण समजण्याआधी त्याची भाषा ओलांडावी लागते, आणि त्या वेळी गृहपाठाला मदत करणारे घरात कोणी नसते. मग शिकवणी येते. शुल्काच्या हिशेबात ती बहुधा धरलेली नसते.

पत्त्यावर काय अवलंबून असते?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक शाळा बहुतांशी राहत्या पत्त्यावरून ठरते आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरे महागतात. सॅन्ड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या घरांची तुलना केली, तेव्हा चाचणीतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या शाळेसाठी पालक घराला सुमारे अडीच टक्के अधिक किंमत देतात, असे आढळले.

महाराष्ट्रातील स्थिती जवळजवळ उलटी आहे. येथे जिल्हा परिषदेच्या शाळेला अशी कडेकोट हद्द नाही. शेजारच्या गावची शाळा चांगली असेल तर मूल तेथे जाऊ शकते. पत्त्याची काटेकोर तपासणी होते ती खासगी शाळेतील मोफत जागेसाठी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही तरतूद लागू नाही. राज्यात हे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रथम, त्यानंतर एक ते तीन किलोमीटरमधील बालकांना प्राधान्य मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना यातून वगळणारी दुरुस्ती नियमांत करण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द ठरविली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या मोफत जागेच्या भरवशावर खोली घेणाऱ्यांना काही गोष्टी आधीच सांगितल्या पाहिजेत. सोडतीत नाव निघेलच, याची शाश्वती नाही. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. साध्या कागदावरील करार चालत नाही, आणि दिलेल्या पत्त्यावर कुटुंब राहत नसल्याचे आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. एकदा अशा रीतीने प्रवेश घेतल्यावर त्याच बालकासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे नंतर गाव बदलले तर मोफत जागा सोबत येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सवलत आठवीपर्यंतची आहे. नववीत पूर्ण शुल्क भरावयाचे की शाळा बदलावयाची, हा प्रश्न त्या घरापुढे नेमका दहावीच्या तोंडावर उभा राहतो. पहिलीच्या प्रवेशाच्या गडबडीत तो कोणी विचारत नाही.

शुल्क भरून प्रवेश घेणाऱ्यांसाठी २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यानुसार शुल्क ठरविताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे. देणगी घेणे आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे, या दोन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केलेली आहे.

मागे राहिलेली शाळा

कुटुंब निघून जाते तेव्हा गावातील शाळेचे काय होते, हा भाग खोली शोधणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, आणि तो त्याने धरावा अशी अपेक्षाही बाळगता येणार नाही. पंचायतीने मात्र तो धरला पाहिजे. कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक असावे लागतात. समजा, एखाद्या शाळेचा पट बासष्ट आहे. एका घरातील दोन भावंडे तालुक्याला गेली, तर पट साठावर येतो आणि अनुसूचीच्या मापाने तिसऱ्या शिक्षकाचा आधार जातो. मग पाच इयत्ता दोन शिक्षकांत वाटल्या जातात. त्यांतील एक कार्यालयीन कामासाठी गेला, की दुसऱ्यापुढे पाचही वर्ग बसतात. हे पाहून पुढच्या मे महिन्यात आणखी दोन घरे निघतात. प्रत्यक्ष संच मान्यतेचे निकष शासननिर्णयांनी वेळोवेळी बदलतात; परंतु पट आणि पद यांची ही साखळी कायम राहते.

ती उलटही फिरू शकते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील कामासाठी रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा लहानशा वस्तीवरील सरकारी शाळेत काय होऊ शकते याकडे सर्वांचे लक्ष गेले. मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. एका व्यक्तीच्या बळावर उभी राहिलेली शाळा त्या व्यक्तीबरोबर खाली येऊ नये, यासाठी कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीची तजवीज केली आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम होय. काही गावांत ही समिती कागदोपत्रीच असू शकते. तिची बैठक खरोखर भरते काय, एवढ्या एका चौकशीतून पालकाला शाळेविषयी पुष्कळ कळते. दुसरी चौकशी याहून सोपी आहे. तिसरी-चौथीच्या दोन-चार मुलांना न पाहिलेल्या पुस्तकातील उतारा वाचावयास सांगावा आणि हातच्याची वजाबाकी करावयास द्यावी. तालुक्याच्या शाळेतही हेच करावे. गणवेश, बस आणि स्नेहसंमेलन यांपेक्षा या दहा मिनिटांतून अधिक उलगडा होतो.

इतके पाहूनही कुटुंबाने जावयाचे ठरविले, तर अडवणूक होता कामा नये. कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यावयाचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शहरातून गावी परतणाऱ्या मुलालाही हाच नियम लागू आहे, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. या नोंदीत मूल कोणत्या शाळेत गेले एवढेच न लिहिता का गेले, हेही एका ओळीत टिपून ठेवले आणि ती पाने शाळा सुरू होण्यापूर्वीच्या ग्रामसभेत वाचली, तर पुढील वर्षीचा पट कोठून घटणार आहे, हे जूनच्या आत कळू शकते.