जुन्या जाळ्याचा निरोप

नदीवर नवा पूल झाला, की जुना पूल मोडून टाकतात. परंतु तो मोडण्यापूर्वी पलीकडच्या काठावरील शेवटच्या घरालाही नव्या पुलाची वाट सापडली आहे ना, हे पाहावे लागते. २०२४ साली ऑस्ट्रेलियापुढे असाच प्रश्न उभा राहिला. तेथील पूल मात्र दगडाचा नव्हता. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींचा होता.

मोबाइलवर आपण बोलतो, तेव्हा आपले शब्द रेडिओलहरींच्या साहाय्याने जवळच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतात आणि तेथून पुढे जातात. अशा अनेक मनोऱ्यांचे मिळून एक जाळे होते. या जाळ्यांच्या पिढ्या मानतात. दुसऱ्या पिढीचे पहिले जाळे १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झाले. पुढे आलेल्या तिसऱ्या पिढीने संभाषणाबरोबर इंटरनेटचीही चांगली सोय केली, तर चौथ्या व पाचव्या पिढीने त्याचा वेग पुष्कळ वाढवला.

मग जुनी जाळी तशीच का ठेवीत नाहीत? याचे कारण असे, की संदेशवहनास उपयोगी पडणारे लहरींचे पट्टे शेतजमिनीसारखेच मर्यादित असतात. जुने पीक काढल्यावाचून त्या शेतात नवे पीक घेता येत नाही. शिवाय जुनी यंत्रे चालू ठेवण्यास वीज, दुरुस्ती आणि पैसा लागतो, तो वेगळाच.

ऑस्ट्रेलियात दुसऱ्या पिढीची जाळी २०१८ पर्यंत बंद झाली होती. तिसऱ्या पिढीचे जाळे व्होडाफोनने २०२४ च्या आरंभी बंद केले. टेल्स्ट्रा व ऑप्टस या कंपन्यांनी मात्र आधी ठरवलेली मुदत पुढे ढकलली आणि २८ ऑक्टोबर २०२४ पासून आपली जाळी बंद करण्यास प्रारंभ केला.

मुदत लांबवण्यामागे एक गंभीर कारण होते. त्या देशात संकटसमयी ०००ह्या क्रमांकावर मदत मागतात. काही मोबाइल नेहमीचे बोलणे चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून करीत. परंतु ह्या क्रमांकासाठी मात्र ते तिसऱ्या पिढीचेच जाळे शोधत. असा मोबाइल वरकरणी धडधाकट दिसे. पण आग लागली किंवा अपघात झाला, तर ऐन वेळी तो मुका ठरला असता. म्हणून असे मोबाइल कोणत्याही जाळ्यावर चालू देऊ नयेत, असा नियम सरकारने केला. आपला मोबाइल चालेल की नाही, हे लोकांना कळावे म्हणून ३४९८ ह्या क्रमांकावर ‘३’ हा अंक पाठवण्याची सोय करण्यात आली.

प्रश्न केवळ मोबाइलचाच नव्हता. वृद्धांनी जवळ बाळगायची मदतीची घंटा, लिफ्टमधील दूरध्वनी, दुकानात पैसे घेण्याचे यंत्र, दूरच्या शेतातील पाण्यावर लक्ष ठेवणारे उपकरण, यांपैकी कित्येक जुन्याच जाळ्यावर चालत. ती बदलण्याचा खर्च व खटाटोप वापरणाऱ्यांच्याच वाट्यास आला.

जुन्याने नव्याला जागा द्यावी, हा जगाचा क्रमच आहे. परंतु नव्या साधनाची थोरवी केवळ त्याच्या वेगावरून ठरत नाही. दूरच्या वस्तीवरील एकाकी वृद्धाची हाक संकटकाळी त्यावरून पोहोचते की नाही, यावरून ती ठरते.