मोठ्या आतड्याच्या वाट्याला काय येतं?

न पचलेलं अन्न

आपण खातो त्यातली साखर, प्रथिनं, स्निग्धांश हे बहुतेक सगळं लहान आतड्यातच शोषलं जातं. पुढे सरकतो तो धान्याचा कोंडा, कडधान्यांची सालं, भाज्यांचा चोथा आणि थोडा न पचणारा स्टार्च. मोठ्या आतड्यातले जिवाणू प्रामुख्याने यावरच जगतात. ‘शरीरातल्या पेशींच्या दसपट जिवाणू’ हे वाक्य अजूनही सर्रास छापलं जातं, पण २०१६ साली नव्याने हिशेब मांडला गेला तेव्हा त्यांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे पेशींच्या जवळपास बरोबरीची निघाली. सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आतच भरतं.

चोथ्याचं होतं काय?

जिवाणू हा चोथा, म्हणजेच अन्नातले तंतू, आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान स्निग्धाम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट सर्वांत मोलाचं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळवतात, शिवाय आतड्यातला दाहही त्यामुळे आटोक्यात राहतो. चोथाच आला नाही, तर काही जिवाणू अस्तरावरच्या बुळबुळीत संरक्षक थरावर ताव मारू लागतात. निदान उंदरांवरच्या प्रयोगांत तरी तसं दिसलं आहे.

जेवणांची अदलाबदल

आहाराचा परिणाम किती झटपट होतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवलं. पिट्सबर्ग विद्यापीठाचे स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागातले २० ग्रामस्थ निवडले. पहिल्या गटात मोठ्या आतड्याचा कर्करोग बराच आढळतो, दुसऱ्यात क्वचितच. दोन आठवडे दोघांची ताटं बदलली. अमेरिकनांना मका आणि घेवड्याचं जेवण मिळालं, त्यांचे तंतू दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेले. गावकऱ्यांना बर्गर, सॉसेज, तळलेले बटाटे मिळाले आणि त्यांचे तंतू ६६ वरून १२ ग्रॅमवर आले. अमेरिकनांमध्ये ब्युटिरेट अडीचपट झालं, आफ्रिकनांमध्ये निम्म्यावर घसरलं. आतड्याच्या अस्तरातला दाहही त्याच दिशेने कमी-जास्त झाला. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही की टळत नाही, पण त्याच्याकडे नेणारी वाट इतक्या लवकर वळते, हे मला थक्क करणारं वाटतं.

आपलं ताट

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, सोबत कच्चा कांदा: तंतूंसाठी वेगळी पावडर विकत घ्यायची गरज कुठे आहे? गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च न पचणारा बनतो, म्हणून फोडणीचा भातही या कामी येतो. मात्र भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये, फ्रिजमध्ये ठेवावा. उबेला त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. एरवी मैदा-पाव खाणाऱ्याने एकदम उसळींचा मारा केला, तर पोट गुबारतं. हळूहळू वाढवावं, पाणीही प्यावं.

दही, ताक आणि पुड्या

दह्याने आयुष्य वाढतं, हा विचार मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. आयुष्याचं सोडा, पण २०२१ साली स्टॅनफर्डच्या ३६ जणांवरच्या अभ्यासात दही, किमची असे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहदर्शक प्रथिनं घटली. नुसते तंतू वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. म्हणजे उसळीसोबत ताकही हवंच.

प्रोबायोटिकच्या पुड्यांचं गणित इतकं सरळ नाही. अँटिबायोटिकचा कोर्स संपला की त्या घ्यायच्या, अशी पद्धतच पडली आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ साली हे तपासलं, तेव्हा पुडीतले जिवाणू आतड्यात ठाण मांडून बसले आणि मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला.